मनातले मांडे पुरे: बेळगाव जिल्ह्यातल्या अठरा आमदारांना खुले पत्र

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात काजूचा लहानसा कारखाना चालवतो. चौदा बायका, दोन पोरं, एक बॉयलर आणि मी. त्याआधी अठरा वर्षं पुण्याच्या बाजूला खाद्यपदार्थांच्या एका मोठ्या कंपनीत होतो. लाइनवर हेल्पर म्हणून लागलो आणि क्वालिटीचा सुपरवायझर होऊन गावी परतलो. पगार घेणं काय आणि पगार देणं काय, दोन्ही करून बसलोय, एवढं आपल्या कानावर असावं म्हणून हे सांगितलं.

डिसेंबरात आपण सगळे इथं बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधमध्ये जमता. उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर चर्चा ठरते, कुणीतरी उठून म्हणतं की बेळगावात अन्नप्रक्रिया उद्योग आले पाहिजेत, आणि बाकं वाजतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळूरला गुंतवणूकदारांचा मेळावा झाला, २०२५-३० चं औद्योगिक धोरण जाहीर झालं, तेव्हाही आम्ही पेपरात बेळगावचं नाव शोधत होतो. पण दरवेळी बोलणं जमिनीपाशी येऊन थांबतं. किती एकर, कुठं, काय दरानं, किती वर्षं वीजबिलात सूट. कारखाना नुसती जमीन बघून येत नाही हो. निदान अन्नाचा तरी नाही. तो माणसं बघून येतो, आणि ती माणसं घडवायला आपण अजून हातच घातलेला नाही. एवढ्याचसाठी हे पत्र.

मला तरी हे कुठं ठाऊक होतं? दोन वर्षांमागं, दिवाळीनंतर, एका कंपनीचे तिघेजण जागा बघायला आले. भाज्या धुऊन, कापून, गोठवून पिशवीत भरायचा प्लांट त्यांना टाकायचा होता. जुन्या ओळखीतून माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं, म्हणून दोन दिवस मी त्यांच्या गाडीत. तयारीनं गेलो होतो. पुणे-बेंगळूर महामार्ग दारात, चोर्ला घाट उतरला की गोवा, सांबऱ्याला विमानतळ, लोंढ्याला जंक्शन, कडोलीची भाजी, सगळं पाठ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नकाशावर ते त्यांना आधीच दिसलेलं होतं.

मग त्यांच्यातल्या एका बाईंनी डायरी उघडली. अमोनियाच्या रेफ्रिजरेशनवर काम केलेले मेकॅनिक इथं किती मिळतील? मी म्हटलं, एसी-फ्रिजवाले आहेत की. त्यांनी मान हलवली, लिहिलं काहीच नाही. लॅबमध्ये जिवाणूंची प्लेट लावून वाचता येणाऱ्या, म्हणजे मालाचा नमुना बशीत ठेवून त्यात वाढलेले जिवाणू मोजणाऱ्या मुली? म्हटलं, बीएस्सी झालेल्या पुष्कळ आहेत. प्लेट लावलेल्या? मी गप्प. सकाळी सातच्या पाळीला खेड्यातून बस आहे का? मुक्कामाची एक गाडी आहे, ती निघायच्या वेळेला निघते. मग शेवटचा प्रश्न: जुलैत तुमच्याकडं किती लोक कामावर येत नाहीत?

इथं मला हसू आलं. जुलै म्हणजे नट्टी. पाऊस लागला, चिखल झाला की भाताचं रोप लावायला घरातलं प्रत्येक माणूस शेतात. त्या पंधरा दिवसांत मी माझा कारखाना बंदच ठेवतो, उगाच वाद नको. आणि ज्या वर्षी गावच्या लक्ष्मीची यात्रा असते, त्याआधी वार पाळले जातात. वाराच्या दिवशी शेतात कोयता चालत नाही की नांगर. घरातली म्हातारी माणसं तर कंपनीतही जाऊ नको म्हणतात. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. यात्रा किती वर्षांनी भरते, कुठल्या गावची कधी, शेजारच्या गावातही वार धरतात का, सगळं उतरवून घेतलं. आमच्या गावाची इतकी चौकशी कुठल्या खात्यानं केलेली मला आठवत नाही.

जाताना त्यांना कुंद्याचा डबा दिला. पुन्हा आले नाहीत. प्लांट दुसऱ्या जिल्ह्यात झाल्याचं नंतर कळलं. जागा पसंत होती, पाणी पसंत होतं, रस्ता पसंत होता. डायरीतला माणसांचा रकाना रिकामा राहिला.

आपल्या मातीत काय पिकतं ते मी आपल्याला सांगावं असं नाही. मतं मागायला आपण त्याच बांधांवरून जाता. तरी रताळ्याचं सांगतो. पश्चिम भागातल्या आणि खानापूरच्या लाल मातीतलं रताळं नवरात्राला, महाशिवरात्रीला मार्केट यार्डात उतरतं आणि पोत्यांतून पुणे-मुंबईच काय, दिल्लीपर्यंत जातं. उपासाच्या आठवड्यात दर असतो, उपास सुटला की दर बसतो. बारकं, तुटकं, कुदळ लागलेलं रताळं बाजूला काढतात, ते गुरांपुढं. पीठ, स्टार्च, गोठवलेल्या फोडी, उकडून केलेला गर, यांतलं काहीही त्या बाजूला काढलेल्या ढिगातून होतं, कारण प्रक्रियेला रताळ्याचं रूप बघायचं नसतं. म्हणजे कारखान्याचा कच्चा माल आपण म्हशीला घालतोय. (म्हैस त्याचं दूध देते हे खरं. तो हिशेब मी केलेला नाही.)

भाजीचं तसंच. गोव्याचं फलोत्पादन महामंडळ आपल्या दुकानांसाठी इथूनच भाजी उचलतं. कोबी, गाजर, बीन्स पहाटे टेंपोत बसतात आणि घाट उतरतात. घाटात दरड कोसळली की त्या दिवशीचा माल गेला. संकेश्वरची मिरची, रायबाग-गोकाकच्या बाजूचा गूळ, सगळीकडं हीच कथा कमी-जास्त फरकानं. उसाचं तेवढं बरं. तो कारखान्यात जातो, आणि साखरेच्या तंत्राची एक अख्खी संस्था, निजलिंगप्पा साखर संस्था, बेळगावातच आहे. साखरेला शिकलेली माणसं लागतात हे कुणाला तरी वेळेवर सुचलं होतं म्हणायचं.

एक गैरसमज मात्र इथंच काढून टाकू. भाषणात हमखास येतं, की आपल्याकडं बटाटा एवढा पिकतो तर वेफर्सचा कारखाना का नाही? कारण आपला बटाटा भाजीचा आहे. तळणीच्या बटाट्यात साखर कमी लागते आणि कोरडा अंश वीस टक्क्यांच्या वर लागतो. आपला पावसाळी बटाटा तेलात टाकला की तांबडा होतो आणि तेल पितो. तळणीचं वेगळं वाण आहे, त्याचं बियाणं, साठवण, करार सगळं वेगळं. गुजरातेत ते केलं म्हणून तिकडं फ्रेंच फ्राइजचे कारखाने उभे राहिले. इथंही होईल, पण वाण बदलायचं तर शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसणारा माणूस लागतो. पुन्हा माणूसच.

मग आपल्याकडं माणसं नाहीत का? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. राज्यात बेंगळूर शहर जिल्ह्याच्या खालोखाल आपण. माणसं आहेत, पण सकाळी जिल्हा सोडून जातात. निपाणीची पोरं कागलच्या एमआयडीसीत. आमच्या भागातली शिनोळीला, स्कूटरवरून अर्धा तास नाही लागत की महाराष्ट्र. खानापूरची बरीचशी गोव्यात, वेर्ण्याच्या कंपन्यांत नाहीतर हॉटेलांत. माझा भाचा त्यातलाच. गणपतीला आला होता, त्याला म्हटलं, आता इथंच बघ काहीतरी. तर म्हणतो, "हितं ऱ्हाऊन काय करू मामा? तिकडं खोली गावतीय, जेवान गावतंय. हितं कंपनीच न्हाई." कंपनीवाले म्हणाले माणसं नाहीत, हा म्हणतो कंपनी नाही. दोघंही खरंच बोलतात.

आता कुणी म्हणेल, कारखाना आला की माणसं आपोआप शिकतील. शिकतीलही, पण आलाच नाही तर? त्यापेक्षा आपल्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीकडं, उद्यमबागेकडं बघा. तिथल्या फौंड्र्या, लेथची वर्कशॉप्स, पंपाचे आणि गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने काही आकाशातून पडले नाहीत. गल्लीतल्या एका शेडमध्ये एक उस्ताद, त्याच्या हाताखाली चार पोरं. पोरगं आधी चहा आणायचं, मग बुरादा झाडायचं, मग मायक्रोमीटर हातात धरायचं, आणि पाच-सात वर्षांनी स्वतःची लेथ टाकायचं. माझ्या वर्गातले सहा जण असे टर्नर-फिटर झाले. त्यातला एक आज माझ्या काजू कापायच्या मशीनची पाती करून देतो, आणि ती बाहेरून आणलेल्या पात्यांपेक्षा जास्त टिकतात. लोखंडाची माणसं या गावानं अशी पिढ्यान्‌पिढ्या घडवली. अन्नाची घडवायला काय हरकत आहे? मशीन दुरुस्त करणारा आपल्याकडं तयार आहे. मशीनवरून जाणारा माल खाण्याजोगा आहे की नाही ते सांगणारा नाही.

बेळगावचा मांडा मोठा प्रसिद्ध. पण मांडा पुस्तकातून शिकलेली बाई मला अजून भेटायची आहे. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लोंबेल इतका पातळ करायचा आणि फाटू न देता तापलेल्या उलट्या खापरावर टाकायचा. शेजारी बसून वर्षभर पीठ मळल्याशिवाय, शंभर मांडे फाडल्याशिवाय ते हाताला येत नाही. आणि आपण काय करतो? तीन दिवसांचं कौशल्य शिबिर, मागं बॅनर, पुढं ग्रुप फोटो, शेवटी प्रमाणपत्र. असल्या शिबिरातून आलेली दोन प्रमाणपत्रं माझ्याही कपाटात आहेत. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलीला काम मात्र पहिल्यापासून शिकवावं लागलं.

माझ्याकडचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे शिकणं कशाला म्हणतो ते कळेल. मार्च ते मे काजूबी येते. ती वाळवायची, पोत्यात भरायची, लागेल तशी वाफेवर घ्यायची, रात्रभर निवू द्यायची. सकाळी कटिंगच्या मशीनवर बाई बसते, एका हातानं बी धरते, पायानं पॅडल दाबते. टरफलात तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, बोटं काळी पडतात. म्हणून बसण्याआधी हाताला खोबरेल नाहीतर एरंडेल चोळायचं. ग्लोव्हज आणून दिलेत, पण ग्लोव्हजमध्ये बी निसटते म्हणून काढून ठेवतात, यावर आमची रोज भांडणं. मग गर बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, वाळतो, मग साल काढायची, मग प्रतवारी. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर, २४० म्हणजे दोनशेवीस ते दोनशेचाळीस. नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि दर चढा. अखंड गर आणि पाकळी यांच्या दरात जे अंतर असतं, त्यावरच माझा धंदा उभा आहे. नवी बाई पहिल्या महिन्यात तुकडा पाडते. सहा महिन्यांनी तिची बोटंच सांगतात, हा गर कच्चा वाळलाय, परत बोर्म्यात घाला. हे सहा महिने कुठल्याच योजनेत नाहीत. ते मी सोसतो. लहान कारखानदार म्हणूनच नव्या बाईला घ्यायला नको म्हणतो, आणि मोठा कारखाना तर या जिल्ह्यातच यायला नको म्हणतो.

आणि भाषा. या विषयाला हात लावला की समोरचा माणूस लगेच बाह्या सरसावतो, म्हणून जपून लिहितो. पुण्याच्या कंपनीत भिंतीवर इंग्रजीत पाटी होती, हात बुडवायच्या पाण्यात क्लोरीन ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पन्नास भाग. आमच्याच भागातून नवीन आलेल्या एका मुलीनं अंदाजानं डबा उपडा केला. दिवसभर सगळ्यांच्या हातांची आग. ती मराठी शाळेत दहावी झालेली, हुशार पोरगी. पीपीएम म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. माझ्या शेडमध्ये मी मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून घेतलंय: औषध पाच टक्क्यांचं असेल तर दहा लिटर पाण्याला दहा मिली, म्हणजे हे एवढं टोपण. टोपण दोरीनं पाटीला बांधून ठेवलंय. त्यानंतर चूक नाही. एवढीच भाषेची बाब आहे माझ्या दृष्टीनं. माणसाला धोका कळला पाहिजे.

जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणाऱ्या विधेयकाला मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि लगेच ते बाजूलाही ठेवलं. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के, बाकीच्यांत ७० टक्के. ते पुन्हा कधीतरी आपल्यासमोर येईल, म्हणून सांगून ठेवतो. त्या मसुद्यात स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं इथं राहिलेला आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. शाळेत कन्नड विषय नसेल तर परीक्षा द्यायची. आमची माणसं बाजारात कन्नड बोलतात, मार्केट यार्डात कन्नडमध्ये भांडतातही. शिकायला कुणाची ना नाही. पण तीन पिढ्या इथल्याच शिवारात राबलेल्या घरची मुलगी स्थानिक आहे की नाही, हे परीक्षेनं ठरवू नका. तिला आधी आत घ्या, कामाच्या वेळेत रोज अर्धा तास कन्नड शिकवा, वर्षभरात ती वाचायला लागेल. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. रताळं तोवर थांबत नाही, आणि विशीतलं पोरगंही नाही.

बसचं बोललो नाही तर घरातली बायकामंडळी मला माफ करणार नाहीत. शक्ती योजनेनं जून २०२३ पासून बायकांचं तिकीट माफ झालं. उत्तम झालं, माझ्याकडं पलीकडच्या गावच्या तीन बायका त्यामुळंच येऊ लागल्या. पण फुकट बस वेळेवर नसेल तर तिचा उपयोग बाजाराला, कामाला नाही. सातची पाळी धरायची तर साडेपाचला गावातून गाडी हवी, आणि दुपारी तीनला सुटलेल्या बाईला चारच्या आत परत नेणारी हवी. आगारातल्या वेळापत्रकात दोन ओळी बदलायच्या आहेत. आपल्या एका फोनचं काम.

निपाणीकडचं वेगळं आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. तंबाखूच्या वखारींत चाळण-निवड करत आयुष्य गेलेल्या, घरी विड्या वळणाऱ्या बायका तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी तिथं महामार्ग अडला होता. त्या तंबाखूवर त्या भागाची चूल पेटत आली. ते काम आता पूर्वीसारखं उरलेलं नाही, आणि उरलेलं आहे तेही छातीत धूळ भरणारं. पण त्या बायकांची नजर बघा. पानाचा रंग, जाडी, ओल एका झटक्यात ओळखणारी. मिरची निवडायला, बेदाणा निवडायला, काजूची प्रतवारी करायला हीच नजर लागते. मोठ्या कंपन्यांत रंग ओळखणारी लाखो रुपयांची सॉर्टिंग मशीनं असतात आणि त्यांच्या पुढंही शेवटी माणसंच उभी करावी लागतात. इथं ती माणसं आयती आहेत, फक्त त्यांना अन्नाची स्वच्छता शिकवायची आहे: केस झाकणं, नखं, बांगड्या बाहेर ठेवणं, ताप असेल त्या दिवशी घरी राहणं आणि त्या दिवसाचा पगार न कापणं. शेवटचं मालकांना शिकवायचं आहे.

योजना नाहीत असं नाही. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मशिनरीला ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाखांपर्यंत, आणि त्यावर कर्नाटक सरकारनं स्वतःचे आणखी १५ टक्के घातलेत. हे चांगलंच आहे आणि मी स्वतः त्याचा फायदा सांगत फिरतो. त्या योजनेत आपल्या जिल्ह्याचं उत्पादन म्हणून गूळ धरलाय. आता गुऱ्हाळात रस आटवायची कायल नवी आली, चिमणी नवी आली, पण गुळव्या कुठं आहे? रस कधी उतरवायचा हे फेसाच्या रंगावरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून सांगणारा माणूस. तो म्हातारा झालाय आणि त्याचं पोरगं पुण्यात डिलिव्हरी करतंय. गुळव्या नसला की मग गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रोस नावाची रंग उडवणारी रासायनिक पावडर मारतात आणि माल तपासणीत नापास होतो. कायलीला अनुदान आहे, गुळव्याच्या हाताखाली दोन वर्षं बसणाऱ्या पोराला काय आहे?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासूनचा. स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार उचलतंही. उद्यमबागेत त्याचा उपयोग होतो. माझ्यासारख्या चौदा बायकांच्या कारखान्याला ते पोर्टल, ते कागद झेपत नाहीत. मग असं करा ना, की वीस-पंचवीस लहान कारखाने मिळून एकच खातं उघडू द्या आणि जिल्हा उद्योग केंद्रातला एक माणूस फक्त त्याच कामाला बसवा. शिकाऊ मुलगी चार महिने माझ्याकडं, चार महिने बेकरीत, चार महिने भाजीच्या शेडमध्ये. वर्षाअखेर तिला तीन प्रकारचं काम येईल, आणि कुठल्याच एका हंगामावर तिचं पोट अवलंबून राहणार नाही.

शिकवणारे कुठून आणायचे? आहेत की घरातच. गोकाकच्या बाजूला अरभावीला उद्यानविद्येचं महाविद्यालय आहे. धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीचं अख्खं विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात बसलंय. अन्नतंत्राची देशातली मोठी संस्था, सीएफटीआरआय, आपल्याच राज्यात म्हैसूरला आहे. लांब आहे, पण तिथली माणसं महिन्यातून एक आठवडा इथं येऊन राहू शकतात. मला हवी आहे ती एक शेड. खरी, चालती. धुण्याची टाकी, सोलायचं यंत्र, भाजी गरम पाण्यातून काढायचा ब्लांचर, छोटा ड्रायर, एक खोलीभर थंड साठवण आणि छोटी लॅब. नवीन इमारत बांधू नका. जुन्या औद्योगिक वसाहतीतली एखादी बंद शेड घ्या, कोनशिलेचा खर्च वाचेल. तिथं शेतकरी आपली रताळी आणून भाड्यानं पीठ करून नेईल आणि त्याच लाइनवर पोरं शिकतील. अन्नसुरक्षा प्राधिकरण दर पंचवीस कामगारांमागं एक प्रशिक्षित सुपरवायझर ठेवायला सांगतं. चारशे माणसांचा प्लांट आला तर सोळा लागतील. ते सोळा आज आपण दाखवू शकत नाही. दोन वर्षांत दीडशे दाखवू शकतो.

मग कंपनी बोलावा. जमीन देताना करारात लिहून घ्या की पहिल्या वर्षी इतके शिकाऊ या शेडमधून घ्यायचे आणि जमिनीच्या दरातली सूट त्या आकड्याला बांधायची. माणसं घेतली तर सूट, नाही घेतली तर नाही. कंत्राटदार बाहेरच्या राज्यांतून पोरं आणतो, ती पोरंही बिचारी कष्टाळू, त्यांच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण दारात शिकलेलं माणूस असताना कंपनीला कंत्राटदार स्वस्त वाटू नये, एवढं दर ठरवणाऱ्यानं बघावं.

जमिनीचं एकच सांगतो आणि पुढं जातो. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी किती वर्षं दार ठोठावलं ते आपण बघितलंय. भाजीच्या कारखान्यासाठी भाजीची जमीन घेऊ नका. एवढं उलटं काम दुसरं नसेल. आणि भाजी धुतलेलं पाणी दोन दिवसांत कुजतं. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात भातात शिरतं, त्यात आणखी भर नको. सांडपाण्याचा प्लांट आधी, उद्घाटनाची फीत नंतर.

आपण अठरा जण वेगवेगळ्या पक्षांचे. यातल्या एका शेडवर एकमत व्हायला अडचण येऊ नये, कारण शेडला झेंडा लागत नाही. तोवर माझा कारखाना आहे. नमुना म्हणून बघायचा असेल तर कुणीही या, ताफा नको, पायाला लावायला प्लास्टिकच्या पिशव्या मी देईन आणि केसांची जाळी सगळ्यांना घालावी लागेल. कटिंगच्या मशीनवर दहा मिनिटं बसून बघा, अखंड गर निघाला तर तो आपला.

फक्त जुलैत नट्टीचे पंधरा दिवस सोडून या. आणि मंगळवार-शुक्रवार नको. यंदा आमच्या गावात वार आहेत.

आपला,
पश्चिम भागातला एक काजूवाला